अर्धा कोयता

वरची वस्ती, तलवाडा
९ नोव्हेंबर १९८६

चौथ्या बाईचं दूध मापात ओतत होते तेव्हा पोस्टमननं तुमचं कार्ड पुढे धरलं. हात ओले होते, म्हणून त्याला म्हटलं, ओट्यावर ठेवा. त्यानं ठेवलं नाही. वाचून दाखवलं. रांगेतल्या बायकांनी ऐकलं. "अजून वेळ गेली न्हाई. त्रिंबक मुकादमाची गाडी तिकडून येती, तीत बस अन् ये. म्हातारीला मोळी झेपंना." यापुढे बंद पाकिटात लिहा. अक्षर सराईत होतं. टोळीतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं दिसतं. तेही करू नका.

हे तुम्ही स्वतः वाचा. चौथी झाली आहे तुमची. सावकाश वाचलं तर तुम्हाला येतं. मी अक्षर मोठं काढते आहे.

मी येणार नाही.

हे मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रकजवळ बोलले होते, पण सगळी टोळी जमली होती आणि तुमचं लक्ष तिच्याकडे होतं. त्रिंबक जोड्या मोजत होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा, हे त्याचं मोजमाप. आपल्यापाशी येऊन तो थांबला. "उत्तरेश्वर, तुझा कोयता अर्धाच दिसतोय बे." लोक हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याबाईंनी आपलं बोचकं ट्रकमध्ये टाकलं आणि त्या माझ्या जागेवर चढल्या. मुलगा आणि आई, झाला कोयता पुरा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या ऊस तोडायला गेल्या, आणि ते माझ्यामुळे झालं. मी ते दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पण कारण तुम्ही विचारलं नाहीत, ते लिहिते.

चार हंगाम मी तुमच्याबरोबर आले. दर वर्षी दसऱ्याला आपण घराला कुलूप लावतो, आत्याबाईंना त्यांच्या भावाकडे सोडतो, गाय शेजारच्या भिवराबाईंच्या दावणीला बांधतो आणि मे महिन्यात परत येतो. तोवर गाय आटलेली असते. घराची एक भिंत ढासळलेली असते. आपण ती लिंपतो, गायीला उभं करतो, आणि सगळं जरा मार्गी लागलं की पुन्हा दसरा येतो. चार वर्षांत आपण चार वेळा एकाच जागेवरून निघालो. मला त्या जागेवरून पुढे जायचं आहे.

ट्रक गेल्यावर या वर्षी काय काय करता येईल ते मी एका कागदावर लिहिलं. ऊसतोड लिहिली. दहावी लिहिली, कारण नववीचा दाखला माझ्याजवळ आहे आणि परीक्षा बाहेरून देता येते. विहीर दोन परस खोल नेणं लिहिलं. बायकांची दूध सोसायटी लिहिली. तिची मी चेअरमन आहे आणि ती उन्हाळ्यापर्यंत टिकेल असं वस्तीत कुणाला वाटत नाही. दोन दिवस कागद तसाच ठेवला. मग सोसायटी ठेवून बाकी सगळं खोडलं. दहावीवर हात थांबला होता. तरी खोडली. पाऊस नसलेल्या वर्षात माझ्या अंगात एका कामापुरतं बळ आहे. ते चार ठिकाणी वाटलं तर चारही ठिकाणी कमी पडेल.

गेवराईच्या दूध केंद्रानं कळवलं आहे की रोज एक कॅन, म्हणजे चाळीस लिटर, भरला तरच दुधाची गाडी मोठा रस्ता सोडून वस्तीत वळेल. सलग आठ दिवस कमी पडलं तर वस्ती फेरीतून काढतील. मग परत घेणार नाहीत. आज बावन्न लिटर झालं. जूनमध्येही गाडी वस्तीत वळताना मला पाहायची आहे. या वर्षी मला एवढंच हवं.

आत्याबाईंची जाड चादर ट्रंकेत राहिली. त्रिंबकाच्या गाडीत देते.

विमल


२१ डिसेंबर १९८६

आत्याबाईंचं उजवं मनगट सुजलं आहे हे तुम्ही एका पत्रात तीन वेळा दुसऱ्याकडून लिहून घेतलं आहे. मला पहिल्याच वेळी समजलं होतं. मोळी बांधायला उसाच्या शेंड्याच्या पाल्याचा, वाढ्याचा, पीळ घालावा लागतो, त्यानं मनगट जातं. दुसऱ्या हंगामात माझं गेलं होतं. तेव्हा तुमच्या लक्षात आलं नव्हतं. आंबेहळदीचा लेप द्या, आणि पीळ घालायचं काम तुम्ही घ्या. त्यांना नुसता ऊस गोळा करू द्या.

इथे टँकर तिसऱ्या दिवशी येतो. गेल्या बाजारात वस्तीतल्या तीन गायी विकल्या गेल्या. त्यातल्या दोन सोसायटीच्या होत्या. मी दोन्ही घरी जाऊन बसले होते. एका घरी ऐकलं, पण गाय आधीच बाजाराच्या वाटेला लागली होती. दुसऱ्या घरी म्हणाले, तू चारा देतीस का? तिथून उठले आणि ज्यांच्या गायी अजून आहेत त्यांच्याकडे गेले. गेलेल्या गायीमागे एक संध्याकाळ गेली, तेवढी पुरे. दूध सत्तेचाळीस आहे.

मागच्या सोमवारी भगवानराव जीप घेऊन आले होते. त्यांचं तुम्हाला माहीत आहे. तालुक्यात जिथे खुर्ची असेल तिथे ते बसतात, आणि दुसऱ्याला काही द्यायचं झालं तर खुर्चीच देतात. ओट्यावर बसले. मी पाणी पुढे केलं तर म्हणाले, दुष्काळात कुणाचं पाणी पिऊ नये. मग मुद्द्यावर आले.

"विमलबाई, तालुका दूध संघावर बाईची एक जागा हाय. तुमचं नाव घालतो मी. महिन्याला दोन बैठका गेवराईला. अन् निवडणुकीच्या टायमाला तीन-चार आठवडे आमच्यासंगं फिरायचं, बस."

"तेवढे दिवस इथं दूध कोण मोजणार?"

"मोजंल की कुणी बी. दूध मोजायला काय अक्कल लागती?"

शेजारच्या भिवराबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लागती, साहेब. मागल्या साली तुमच्या माणसानं मोजलं व्हतं. आमच्या म्हशी रोज पावशेरानं वाळत गेल्या. तो गेला अन् दुसऱ्या दिवशी फुगल्या."

भगवानराव हसले. रागावले नाहीत. ते त्यांचं कौशल्य आहे. जाताना मला म्हणाले, "मोठं बघा जरा. एका कॅनमधी कशापायी अडकून बसता?"

"एकच कॅन आहे म्हणून," मी म्हणाले.

जीप गेल्यावर भिवराबाई म्हणाल्या, "जीपमधी बसायला तरी जायचं व्हतंस. बुड तरी मऊ झालं असतं." मला मोह झाला होता. हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. संघाच्या यादीत नाव लागलं असतं तर तुमच्या टोळीत कुणी हसलं नसतं. पण ती जागा मी माझ्या कागदावर लिहिलेली नव्हती. ती भगवानरावांच्या कागदावर होती.

विमल


१२ जानेवारी १९८७

इथे सगळं ठीक आहे. रोज चाळीस लिटर भरतं. गाडी वळते.

त्रिंबक काल आला होता. टोळीतली एक जोडी फड सोडून पळाली म्हणून नवी जोडी बघायला फिरतो आहे. दारात उभ्यानं बोलला.

"उत्तरेश्वर लई तापलाय. संक्रांतीपस्तोर ये म्हणलाय. न्हाईतर दुसरी बघतो म्हणलाय."

"हे ते म्हणाले की तुम्ही?"

"दोघं बी म्हणालो."

"दुसरीला मोळी बांधता येते का, ते आधी बघा. मला शिकायला दोन हंगाम लागले."

तो हसला. "तुझी जबान मुकादमाच्या तोंडात पायजे व्हती," म्हणाला, आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

दुसरी बघायची असेल तर तसं मला लिहा. स्वतःच्या हातानं. मुकादमाच्या तोंडचा निरोप मी धरत नाही.

पत्र लहान आहे. कामं आहेत. रोज चाळीस भरतं.

विमल


१५ फेब्रुवारी १९८७

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कॅन रोज भरत होता. दुधानं भरत नव्हता.

जानेवारीच्या पाच तारखेला सदतीस लिटर झालं. तीन कमी. मी घरातलं पिण्याचं पाणी उकळलं, गार केलं, फडक्यानं गाळलं आणि कॅनमध्ये ओतलं. कुणाला बाधू नये म्हणून उकळलं. वाईट काम निदान नीट करावं असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवशीही तीनच घातलं. मग चार. गाडीवाला झाकण उघडून फक्त पातळी बघतो, आणि केंद्रावर आमचा एक कॅन मोठ्या गावांच्या दुधात मिसळून जातो. आठवड्यात पाऊस पडणार नव्हता हे मला कळत होतं. तरी रोज वाटायचं, आजचा दिवस निघू दे. फेब्रुवारी लागला तेव्हा मी अकरा लिटर पाणी घालत होते. रोज सकाळी चाळीसचा आकडा वहीत लिहायचे आणि मला बरं वाटायचं. खरोखर बरं वाटायचं. हे सगळ्यात वाईट.

दोन तारखेला, सोमवारी, केंद्रावर एकेक कॅन तपासला. मंगळवारी गाडीवाल्यानं आमचा कॅन परत आणला आणि रांगेपुढे ठेवला. खडूनं फुली मारलेली होती.

"निम्मी हीर घातली व्हय गं कुणी?" तो म्हणाला. "उद्यापासून गाडी वळायची न्हाई. वरून हुकूम हाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सगळ्या रुक्मिणीबाईंकडे बघायला लागल्या. त्यांच्या म्हशीचं दूध पहिल्यापासून पातळ आहे. त्यांनी कळशी खाली ठेवली. "देवीची आण," त्या म्हणाल्या. "मी थेंब घातला असंल तर माझा हात झडंल." मी आणखी थोडा वेळ गप्प राहिले असते तर ते त्यांच्यावर बसलं असतं आणि माझं निभावलं असतं. मग म्हणाले, पाणी मी घातलं.

भिवराबाईंनी विचारलं, "टँकरचं?"

"हो."

"आमी दोन घागरींवर तीन दिवस काढतो, अन् तू पानी गेवराईला पाठवतीस?"

मागे कुणीतरी हसलं. नंतर कुणी हसलं नाही. रुक्मिणीबाई माझ्या पायाजवळ थुंकल्या. "चेअरमन म्हनं," एवढंच म्हणाल्या आणि दूध घेऊन घरी गेल्या. परत आलेला कॅन आम्ही ओतून दिला नाही. नासला होता, तरी त्यात अकरा लिटर पाणी होतं. गुरांना पाजला.

त्याच दिवशी मी चेअरमनपद सोडलं. घ्यायला कुणी पुढे येईना. शेवटी भिवराबाई म्हणाल्या, "मला द्या. मला सहीच येत न्हाई, मी काय खोटं लिहिणार?"

दोन दिवस मी घरातून निघाले नाही. या दोन दिवसांत पिशवी भरून तुमच्याकडे निघायचं मनात आलं होतं. तिसऱ्या दिवशी ट्रंकेतून तो कागद काढला. त्यावर मी सोसायटी असं लिहिलं होतं. चाळीस लिटर लिहिलं नव्हतं. गाडीही लिहिली नव्हती. ते आकडे गेवराईचे होते. मी ते माझे धरले आणि त्यांच्यासाठी चौदा घरांचं नाव घालवलं. मला हवं होतं ते एवढंच, की या बायकांची दुभती गुरं दावणीला राहावीत आणि दूध रोज विकलं जावं. त्याला कॅन भरावा लागत नाही. गाडी दारात यावी लागत नाही.

तलवाड्यात बाजारतळाजवळ दुसऱ्या एका सोसायटीचं केंद्र आहे. तिथे कितीही कमी दूध घेतात. फक्त सकाळी सातच्या आत आणायचं आणि त्यांच्या नावावर घालायचं. वस्तीपासून साडेचार किलोमीटर. मी जाऊन विचारून आले, मग भिवराबाईंच्या घरी गेले. त्यांनी बायका जमवल्या. ठरलं ते असं: रोज दोघींनी पाळीनं किटल्या घेऊन चालत जायचं. आमच्या सोसायटीची पाटी उतरवली. पहिल्या दिवशी सहा जणींनी दूध दिलं. चौथ्या दिवशी रुक्मिणीबाई आल्या.

"मोजताना मी बघणार," त्या म्हणाल्या.

"बघा."

"रोज बघणार."

"रोज बघा."

आज एकोणतीस लिटर झालं. सगळं दूध आहे.

मला परत बोलवायला तुम्हाला हे कारण पुरेल, तरी ते मी स्वतःच लिहिलं. मी येणार नाही. चूक इथे झाली. ती उसाच्या फडात दुरुस्त होणार नाही.

विमल


११ मार्च १९८७

आत्याबाई काल दुपारी उसाच्या रिकाम्या ट्रकमधून आल्या. मनगट काळंनिळं आहे, बोटं मिटत नाहीत. घरात न येता आधी गोठ्यात गेल्या.

"वाळली की गं."

"सगळ्यांच्याच वाळल्या."

"किती देती?"

"दोन लिटर."

"माझ्या हाती अडीच दिलं असतं." मग आत आल्या, पाणी प्यायल्या आणि उरलेलं पाणी गायीच्या टोपल्यात, भुशावर ओतून आल्या.

निरोप त्यांनी जेवण झाल्यावर सांगितला. आठ दिवसांनी ट्रक परत जाणार आहे. त्यात त्यांनी किंवा मी, एकीनं बसायचं. हंगाम संपायला दीड महिना आहे आणि तोवर कोयता पुरा पाहिजे.

"हे मुकादम म्हणाला?"

"मुकादम म्हणला अन् उत्तरेश्वर बी म्हणला. माझ्यासमोर म्हणला. मान खाली घालून म्हणला."

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून तुमचं पत्र काढलं. चार ओळी. लग्नाला पाच वर्षं झाली, तुमचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. "दुसरी बगनार न्हाई. त्रिंबक खोटं बोलला. पर एकटा लई कमी पडतो. ये." मी ते तीनदा वाचलं. काना आणि वेलांटी सगळं जागच्या जागी आहे. तुम्हाला चांगलं लिहिता येतं.

म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. तुम्ही एकटे कमी पडता हे खरं आहे. मीही इथे कमी पडते. पण मी तिकडे आले तर दोन्हीकडचं अर्धंच राहील. इथलं दूध माझ्यावाचूनही जाईल, हे मला कळतं. भिवराबाई आता बोटांच्या पेरांवर लिटर मोजतात आणि चुकत नाहीत. मी राहते आहे ती त्यांना माझी गरज आहे म्हणून नाही. मी हे ठरवलं आहे, एकदा ते वाईट केलं आहे, आणि आता ते चांगलं करायला शिकते आहे. मध्येच उठले तर पुढच्या दसऱ्याला मी काहीच ठरवू शकणार नाही. ट्रक आला की चढेन.

त्रिंबकाला सांगा, मला अर्धा कोयता म्हणून मोज. दीड महिना तसं मोजून घ्या. सगळ्यांसमोर तसं म्हणवून घ्यायला लाज वाटते, मला माहीत आहे. मी रांगेपुढे उभी राहून पाणी घातल्याचं सांगितलं. लाज अंगावर येते, आणि मग संध्याकाळची धार काढायची वेळ होते. दुसऱ्या दिवशी काम करता येतं.

मेमध्ये याल तेव्हा घराला कुलूप नसेल. भिंत मी लिंपली आहे. गाय आपल्याच गोठ्यात असेल. दोन लिटरवर असेल की एकावर, ते आत्ता सांगता येत नाही, पण आटलेली नसेल. पुढच्या वर्षी तुम्हाला काय करायचं आहे ते येताना ठरवून या. माझं मी ठरवलेलं पाहून ठरवू नका. तुमचा कागद तुम्ही लिहा. ऊसतोडच लिहिलीत तर मी अडवणार नाही. पण लिहा.

आत्याबाई त्या ट्रकमध्ये बसणार का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. माझ्या ठरवण्यानं त्या एकदा चढल्या. या वेळी त्यांचं त्यांनी ठरवायचं. जायचं म्हणाल्या तर मी हात धरून थांबवणार नाही, आणि त्यांच्या जागी बसणारही नाही. हे लिहायला कठीण गेलं. लिहिलं आहे.

विमल


१२ मार्च, सकाळ

तलवाड्यात, दूध केंद्राच्या ओट्यावर बसून लिहिते. पाकीट अजून बंद केलेलं नाही. आज पाळी माझी आणि रुक्मिणीबाईंची होती, पण त्यांना ताप आहे. आत्याबाई म्हणाल्या, "चल, मी येते." धार त्यांनी डाव्या हातानं काढली, दोन लिटरच निघालं. किटलीही डाव्या हातात घेतली. केंद्रावर सहा वाजून चाळीस मिनिटांनी पोचलो. दूध मोजून झाल्यावर मी पत्र टाकायला निघाले, तर म्हणाल्या, "त्यात लिही, म्हातारी बी येत न्हाई म्हणावं." लिहिलं. आज अठ्ठावीस लिटर भरलं.